गल्लीत वळलेला बँड

"बाबा येतील का गं आज ऐकायला?" गणवेशाची चांदीची बटणं लावत लेओनहार्टने बायकोला विचारलं.

"खिडकी उघडली तरी नशीब समज," नोटबुर्गा म्हणाली.

जिल्ह्याचा बँड महोत्सव यंदा त्यांच्याच गावात होता. बँडच्या पुढे चालत खुणा करायची काठी पूर्वी नोटबुर्गाच्या वडिलांच्या, सेवेरिनच्या हातात असायची. मग वादकांनी मतं टाकली आणि ती जावयाकडे आली. तेव्हापासून म्हाताऱ्याने अबोला धरला होता आणि तो लेओनहार्टच्या फार जिव्हारी लागला होता. निदान नाव ठेवायला जागा राहू नये, म्हणून त्याने वादकांकडून घोटून तालीम करून घेतली. काठी डावीकडे गेली की डावीकडे वळायचं, विचारायचं नाही. काठीवाल्याने मागे बघायचं नाही. बघितलं की गुण कापले.

बँड वाजत निघाला आणि चौकाच्या जरा अलीकडे एक गांधीलमाशी त्याच्या नाकावर बसली. त्याने फुंकर मारली, मिशी हलवली. माशीने डंख मारला आणि काठी सपकन डावीकडे गेली.

सगळा बँड डावीकडच्या गल्लीत वळला. एकाचंही पाऊल चुकलं नाही. लेओनहार्ट मात्र सरळ गेला.

पाठीमागचा आवाज बारीक होत चालला. पण मान वळवणार कशी? तो एकटाच चौकातल्या परीक्षकांपुढे पोचला, काठी उंचावून त्याने थांबायची खूण केली आणि स्वतःच थांबला. हसलं कुणीच नाही. मयताला आल्यासारखे लोक टोप्या काढून उभे राहिले.

तिकडे गल्लीच्या टोकाला सेवेरिनचं अंगण होतं आणि पुढे गोठ्याची भिंत. थांबायची खूण नव्हती, म्हणून बँड भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी पाय आपटत वाजवत राहिला.

खिडकी उघडली. "कुणाची रे खूण?" सेवेरिन ओरडला.

"लेओनहार्टची!" ढोलवाला क्विरिन म्हणाला.

"नीट पाहिलीस?"

"म्हणजे काय! डावीकडे, चांगली लांब!"

म्हातारा टोपी घालून बाहेर आला, हातातल्या टेकायच्या काठीने बँड मागे फिरवला आणि चौकाकडे घेऊन निघाला.

चौकात मुख्य परीक्षक लेओनहार्टला हळूच म्हणत होते, "नाक केवढं सुजलंय! माशी चावली ना? तसं सांगा, नियमात बसतं. पुन्हा चालू देतो. पहिला नंबर अजून गेलेला नाही."

तेवढ्यात सेवेरिन समोर येऊन उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते.

"अख्ख्या जिल्ह्यादेखत माझ्या दारात बँड पाठवलास," तो म्हणाला. "गुणांवर पाणी सोडून. मला वाटलं नव्हतं रे."

लेओनहार्टने परीक्षकांकडे पाहिलं, मग गर्दीत उभ्या नोटबुर्गाकडे.

"कसली माशी?" तो म्हणाला. "मीच वळवला."

परीक्षकांनी सुस्कारा टाकून शून्य लिहिलं. सेवेरिनने नाक पुसलं आणि जावयाच्या हातातली काठी जरा वर सरकवली.

"कोपर खाली पडलंय तुझं," तो म्हणाला. "उद्या ये घरी. दाखवतो."