आतून बोलणं चाललंय

नरहरराव अर्जनवीस पेपर वाचायचे, ते त्यात काय छापलेलं नाही हे बघायला. हैदराबादचा दोन दिवसांचा शिळा उर्दू पेपर माझ्या हातातून ओढून घ्यायचे, चष्मा नाकावर बसवायचे, चारही पानांवरून बोट फिरवायचे आणि म्हणायचे, "मास्तर, लंडनवाला आज चौथा दिवस, दिसंना."

"नसेल काही बोलला," मी म्हणायचो.

"तो? तो न बोलता ऱ्हाईल? गेला असंल जर्मनवाल्याला भेटायला. वरून लढाई दिसायलीय तुमाला. आतून बोलणं चाललंय."

लंडनवाला, जर्मनवाला, रूसवाला म्हणजे त्या त्या मुलखाचे सगळ्यांत वरचे पुढारी. त्यांची नावं नरहररावांना पाठ होती, पण नाव घेतलं की गोष्ट फुटते असा त्यांचा पक्का समज. मी मूळचा बोरीचा, पाथरीच्या शाळेत मास्तर म्हणून आलो आणि यांच्याच घराच्या पुढच्या खोलीत भाड्यानं राहिलो. त्यामुळे लढाईची सगळी वर्षं शाळा सुटली की हे ऐकणं माझ्या नशिबी आलं. मोटारथांब्यावरचा हॉटेलवाला गफूरभाई तर त्यांना लांबून बघूनच ओरडायचा, "क्यों अर्जनवीससाब, हुई क्या सुलह?" नरहरराव ओठांवर बोट ठेवायचे. लोक पोट धरून हसायचे, मीही हसायचो.

आता हा माणूस वेडा होता का? मुळीच नाही. त्यांच्या धंद्यानं त्यांना तसं शिकवलं होतं. कचेरीचा सगळा कारभार उर्दूत, आणि गावोगावच्या शेतकऱ्यांना उर्दूचा अलिफ ठाऊक नाही. मग ज्याला तक्रार करायची तो कचेरीसमोरच्या लिंबाखाली नरहररावांपुढे येऊन बसायचा आणि अर्ज लिहून घ्यायचा. दुसऱ्या दिवशी ज्याच्यावर तक्रार, तोही तिथंच येऊन बसायचा. दुसरा अर्जनवीस होताच कुठं! दोन्हीकडच्या शिव्या त्यांच्याच कानात पडायच्या आणि त्यांच्याच बोरूतून अदबीच्या होऊन कागदावर उतरायच्या.

एकदा दोन चुलतभाऊ पोळ्याच्या मानावरून पेटले. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी कुणाची जायची? दोघांनी एकमेकांची डोकी फोडायचंच बाकी ठेवलं होतं. दोघंही वेगवेगळ्या दिवशी येऊन आपापल्या अर्जावर अंगठे देऊन गेले. तहसीलदारापुढे अर्ज वाचले गेले तेव्हा कळलं की थोरल्याच्या अर्जात धाकट्याची बाजू उतरलीय आणि धाकट्याच्या अर्जात थोरल्याची. थोरला म्हणतोय, हुजूर, मान धाकट्याचाच आहे. धाकटा म्हणतोय, सरकार, थोरल्याच्या पुढं जायची माझी काय बिशाद! तहसीलदार म्हणाला, मग तंटा कशाचा? भर कचेरीत समोरचा एवढा मोठेपणा दाखवत असताना 'मी असं बोललोच नाही' म्हणायची दोघांनाही लाज वाटली. त्या पोळ्याला दोन्ही जोड्या एकदमच तोरणाखाली घातल्या. वेस अरुंद, बैलांची शिंगं एकमेकांत अडकली, तासभर सगळं गाव खोळंबलं, पण भांडण मिटलं ते मिटलंच.

"हे मुद्दाम केलंत ना?" मी विचारलं.

"छ्या छ्या! वय झालं मास्तर. चूक झाली," म्हणाले आणि बोरू तासायला लागले.

तर त्यांचं म्हणणं असं, की जगातल्या एवढ्या मोठ्या भांडणात असा एखादा मधला माणूस असणारच. भेट कशी ठरवायची याचे त्यांचे कायदेही होते. कुणाच्या दारात भेटायचं नाही. दोघांनाही तिथं यायला दुसरंच काहीतरी कारण पाहिजे. जागा त्यांनी मनाशी ठरवूनही टाकली होती, पोखर्णीचं नृसिंहाचं देऊळ.

"नवसाला आलो म्हणतील. कोण विचारायलंय?"

"आणि जेवणाचं?" गफूरभाईनं गंभीर तोंड करून विचारलं.

"पुरण घालू. पुरण खाऊन कुणाला बंदूक उचलत न्हाई."

एवढी मजा चालायची. पण त्या घरात एक नाव काढायचं नसे, विष्णूचं. विष्णू म्हणजे यांचा एकुलता एक मुलगा. ते सुद्धा मला घरात नाही, गफूरभाईकडून कळलं. बापाला वाटे, पोरानं आपला बोरू हातात घ्यावा. पोरगं म्हणालं, दुसऱ्यांची भांडणं लिहून मला पोट भरायचं नाही. शब्दाला शब्द लागला. नरहरराव बोलून बसले, "पुन्हा या उंबऱ्यावर पाय ठिवशील तर माझं मेलेलं तोंड बघशील!" पोरगं तसंच औरंगाबादला गेलं, पलटणीत भरती झालं आणि पलटणीबरोबर समुद्रापार मलायात पोचलं. पुढं जपाननं मलाया घेतला. हजारो शिपाई कैद झाले, किती मेले त्याचा पत्ता नाही. विष्णूचं काय झालं हे कुणालाच माहीत नव्हतं.

मलाया पडल्यापासून नरहररावांनी लंडनवाल्याला आणि जर्मनवाल्याला सोडून दिलं होतं. रोज एकच विचारायचे, "जपानवाला दिसला का?" मी नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा. "मग बोलणं चाललंय. बोलून लढाई मिटली मास्तर, तर कैदी पहिल्याच दिवशी सुटतात. मारून मिटली तर कैद्यांकडं कोण बघतंय?" पोराचं नाव मात्र कधी ओठांवर आलं नाही. तेव्हापासून मी हसायचं बंद केलं.

आणि मग एक दिवस लढाई संपली. शाळेत पोरांना बत्तासे वाटले. मी हातात चार बत्तासे घेऊन जवळजवळ पळतच घरी आलो. "नरहरराव, जपाननं हत्यार टाकलं!"

ते ताडकन उठले. "झालं बोलणं?"

"बोलणं कसलं? बाँब टाकला. एका बाँबात एक अख्खं शहर गेलं म्हणतात."

ते तसेच खाली बसले. "म्हंजे बोललेच न्हाईत? आतून सुदिक न्हाई?" मग एकदम त्यांचा आवाज चढला. "एवढी मोठी माणसं, आन् एकालाबी वाटलं न्हाई, पहिला शब्द आपण बोलावा? लाज कशी वाटत न्हाई यान्ला?"

माझी जीभ मुळात तिखट. त्यात इतक्या वर्षांचं ऐकून ऐकून मी विटलो होतो. बोलून गेलो, "आणि तुमी? तुमी विष्णूला कधी एक ओळ तरी लिहिलीत का?"

बोललो आणि माझाच मला राग आला. दारात काकू, म्हणजे विष्णूची आई, उभ्या होत्या. त्या आत गेल्या आणि देवामागून एक पाकीट घेऊन आल्या. कडा पिवळ्या पडल्या होत्या, पण फोडलेलं नव्हतं.

"चार वर्सं झाली," काकू म्हणाल्या. "जो फोडील तो या घरचा न्हाई म्हणाले होते. मला वाचता येत न्हाई. मास्तर, तुमी या घरचे न्हाईत. तुमी फोडा."

मी नरहररावांकडे बघितलं. ते नको म्हणाले नाहीत. मी पाकीट फोडून वाचलं.

"तीर्थरूप बाबांस विष्णूचा नमस्कार. येत्या शुक्रवारी आमची पलटण आगगाडीनं मद्रासकडं निघायलीय. परभणीला इंजिन पाणी घेतं, गाडी अर्धा तास थांबते. घरी येत नाही, तुमची शपथ आहे. तुमी बाजाराला आल्यासारखं टेसनावर या. मी तंबाखू घ्यायला उतरल्यासारखा उतरतो. कुणाला कळायचं नाही. आईला आणलं तर बरं होईल."

"पुन्ना वाचा," नरहरराव म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

"त्या शुक्रवारी मी काय करायलो होतो, मास्तर?" त्यांनी विचारलं. "आठवंना. कुणाचा तरी अर्ज लिहीत असंल."

काकू भिंतीला टेकून रडत होत्या. अख्ख्या तालुक्याचे अर्ज लिहिलेल्या माणसानं त्या संध्याकाळी चार कागद फाडले. हाताला सवय अशी की पोराला लिहितानाही वर 'दस्तबस्ता अर्ज', म्हणजे हात जोडून विनंती, असंच यायचं. शेवटी बोरू माझ्या हातात दिला. "तुमी लिव्हा. विष्णू, माझं चुकलं. घरी ये. बाप. बास, एवढंच."

पलटणीच्या पत्त्यावर मी ते पाठवलं. पुढचे महिने त्या घरात कसे गेले ते मला सांगता येत नाही. जेवण व्हायचं, लिंबाखाली अर्जही लिहिले जायचे, पण पेपर कुणी मागितला नाही. मग एक सरकारी पाकीट आलं. विष्णू जिवंत होता. कैदेतून सुटून मद्रासच्या दवाखान्यात होता, आणि अमुक दिवसाच्या गाडीनं बाकीच्या शिपायांबरोबर औरंगाबादला निघणार होता.

आम्ही तिघं परभणीला गेलो. काकूंच्या हातात दशम्यांचं गाठोडं. नरहररावांनी कचेरीत घालायची काळी शेरवानी घातली होती, गुंड्या चुकल्या होत्या. फलाटावर मानवतचा एक ओळखीचा कापूसवाला भेटला. तो लांबूनच म्हणाला, "अर्जनवीस! इकडं कुठं? बाजाराला आलात वाटतं?"

मला वाटलं, हे आता हो म्हणतील.

"न्हाई शेटजी," ते म्हणाले, आणि एवढ्या मोठ्यानं, की हमालसुद्धा वळून बघायला लागले. "पोराला भेटायला आलोय. माझं पोरगं हाय, विष्णू. मीच हाकललं होतं त्याला. आता न्यायला आलोय."

गाडीला अजून पाऊण तास होता. डोळे पुसत, जो विचारील त्याला आणि न विचारील त्यालाही, ते हेच सांगत फलाटभर फिरत राहिले.