उभ्या गाडीचा लांबचा मार्ग

शहरातल्या विजेच्या बसगाड्यांना कधी, कुठे आणि किती वेळ चार्जिंगला लावायचं, हे मी ठरवते. माझ्या वेळापत्रकात एखादी गाडी उपाशीपोटी रस्त्यावर येणं शक्यच नाही, असं मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं.

आणि त्याच आठवड्यात, आमच्या घराजवळच्या शेवटच्या थांब्यावर दुपारी चार्ज होणारी गाडी संध्याकाळी चार्ज संपून भर चौकात बसली! दुसऱ्या दिवशीही बसली. साहेब म्हणाले, "आणखी एकदा बसली, तर तुमचं वेळापत्रक रद्द. त्या मार्गावर डिझेलच्या गाड्या परत."

मी हात धुऊन मागे लागले. बॅटरी तपासली, तर ठणठणीत. चार्जरही बदलून पाहिला. मग संशय गेला थांब्यासमोरच्या लाँड्रीवाल्यावर. दिवसभर इस्त्र्या चालतात, तार टाकून आमचीच वीज ओढत असणार! त्याला जाऊन जाब विचारला.

"माझ्या तारा नंतर बघा ताई," तो इस्त्री आपटत म्हणाला. "आधी तुमच्या गाडीत बघा. दुपारी ड्रायव्हर जेवायला गेला की आतून बेल ऐकू येते."

मी तरातरा गेले. गाडी चार्जिंगला लावलेली, आत एसी जोरात, दिवे सगळे लख्ख. आणि स्टिअरिंगवर कोण? माझे बाबा! सेवानिवृत्त चालक. मागे त्यांचे आयुष्यभराचे जोडीदार कंडक्टरकाका तिकिटाच्या जुन्या चिमट्याने दांडा वाजवत होते. सीटवर त्यांच्याच वयाची मंडळी गारव्यात ऐसपैस बसली होती.

"बर्फ कारखाना! चला, बर्फ कारखानावाले उतरा!" काकांनी पुकारा केला. बाबांनी दार उघडलं. कोणीच उतरलं नाही. दार लागलं. टण टण.

बर्फाचा कारखाना पाडून तिथे इमारती उभ्या राहिल्यालाही जमाना झाला. हे लोक आपला बंद पडलेला जुना मार्ग उभ्या गाडीत पुन्हा चालवत होते आणि माझी वीज पीत होते.

"बाबा, आधी खाली उतरा. माझी नोकरी जाईल."

"चालकाशी बोलू नये," बाबा समोर बघत म्हणाले.

"मधे सरका ताई, दारात गर्दी नको," काका म्हणाले.

पुढचा थांबा होता पाण्याची टाकी. शाळा सुटली की मी तिथे बाबांच्या गाडीची वाट बघायची. लांबून इंजिनाची घरघर आली की दप्तर सावरायची. बाबा ओळख दाखवायचे नाहीत, कामावर असायचे ना. पण मी नीट बसेपर्यंत गाडी जागची हलायची नाही. आत्ताही ते आरशात बघत थांबले होते. मी मुकाट्याने बसले. मला रडूच आलं.

शेवटचा थांबा 'आल्यावर' मी तोड काढली. "आगारात तुमची डिझेलची गाडी अजून उभी आहे. तीच घ्या. हवी तेवढी चालवा."

बाबांनी काकांकडे बघितलं. "एसी आहे का तिच्यात?"

"बाबा, जन्मभर तुम्हीच चालवलीत ती!"

"म्हणून तर विचारतोय. इंजिनाशेजारी पाय भाजायचे."

झालं! त्या संध्याकाळी मी राखीव गाडी सोडली आणि वेळापत्रक नव्याने मांडलं. त्यानंतर चौकात गाडी कधी बसली नाही. पण साहेबांची नजर तीक्ष्ण.

"या एकाच गाडीला दुपारी चार्जिंगला इतका जास्त वेळ का?"

"दुपारी तिला गर्दी असते, साहेब."

"उभ्या गाडीला?"

"उभीच असते," मी म्हणाले. "पण मार्ग लांबचा आहे."