नवरंगाचे दोन रंग कमी भरले

एका जंगलात वैशाख लागला की कुणालाच काही काम उरत नसे. आणि मुलांनो, काम नसलं की माणसांना झोप येते, प्राण्यांना छंद लागतो.

त्या वर्षी जंगलाला पक्षी बघायचा छंद लागला. कोल्हा पूर्वीही पक्षी बघायचा, पण तेव्हा त्याला भूक म्हणत. आता निरीक्षण म्हणू लागले. लगेच एक मंडळ निघालं. भालेराव नावाचं अस्वल अध्यक्ष झालं. भालेरावांना चार हातांपलीकडचं दिसत नसे, म्हणून त्यांच्याकडे पक्ष्यांची यादी ठेवायचं काम दिलं होतं. आणि यादी ज्याच्याकडे तो अध्यक्ष, असा त्या जंगलाचा कायदाच होता.

प्रत्येक सभासदाला बांबूची एक पोकळ नळी मिळाली. नळीतून पाहिलं की पक्षी मोठा दिसत नसे, पण पाहणारा मोठा दिसे.

त्याच जंगलात साळूमावशी राहायची. ती साळिंदर होती. करवंदीच्या जाळीमागे तिचं बीळ, आणि बिळामागच्या परसात एक खोलगट खडक. त्या खडकात पाऊस येईपर्यंत पाणी टिकायचं. दर उन्हाळ्यात तिथं नवरंग पक्ष्याचं जोडपं यायचं. या वर्षी तर त्यांनी जाळीतच घरटं बांधलं आणि नवरंगीण अंड्यांवर बसली. चार अंडी होती. एकट्या साळूमावशीला भरल्या घराचं सुख वाटू लागलं.

सुख पोटात राहत नाही. तिनं शेजारच्या बोभाट्यांना सांगितलं.

"भावजी, तुम्हाला म्हणून सांगते. कुठं बोलू नका."

"छे, छे!" बोभाटे म्हणाले.

बोभाटे हे भेकर होतं. भेकर भुंकतं, हे मावशी विसरली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडताच परसात पंचेचाळीस सभासद आले. मागच्यांनी पुढच्यांना बसायला सांगितलं. पुढच्यांनी मागच्यांना उठायला सांगितलं. भालेराव एका दगडावर चढून ओरडले, "शांतता! पक्ष्याला माणूस नाही, आपलं, प्राणी जवळ आहे हे कळता कामा नये!" दोन टेकड्यांपलीकडे मोर दचकला.

मग कुणीतरी म्हणालं, जाळी मध्ये येते, त्यामुळे निसर्ग नीट दिसत नाही. रानडुकरानं चटकन जाळीची वरची बाजू मोडून टाकली. आता सगळं स्वच्छ दिसू लागलं. ऊन थेट घरट्यावर पडू लागलं, तेही दिसू लागलं असतं. पण सगळ्यांच्या नळ्या समोरच्या उंच सागाकडे वळलेल्या होत्या. दुर्मीळ पक्षी उंचावरच बसतो, असा मंडळाचा ठराव होता.

नवरंग पहाटेच किडे शोधायला गेला होता. परतला तर घराभोवती शेपट्याच शेपट्या. घरट्यात नवरंगीण चोच उघडी टाकून धापा टाकत होती. उठावं तर अंडी भाजतील, बसावं तर आपण. पाणी पाच उड्यांवर होतं, आणि त्या पाण्यात रानडुक्कर बसलं होतं.

नवरंग चालतच गर्दीत शिरला.

"जरा वाट द्या. मला घरी जायचंय."

"शू!" तरस म्हणालं. "नवरंग येणार आहे."

"अहो, मीच तो!"

"सगळे असंच म्हणतात," तरस म्हणालं. "रांगेत ये."

नवरंग भालेरावांसमोर जाऊन उभा राहिला. "साहेब, माझी बायको सकाळपासून उन्हात आहे. पाया पडतो."

भालेरावांनी यादी उघडली आणि नाक त्याच्या पाठीला टेकवून रंग मोजायला घेतले. "पाठ हिरवी. पंख निळा. पोट पिवळं. डोळ्यावर काळा. भुवई पांढरी. डोकं तपकिरी. शेपटीखाली लाल. सात!" त्यांनी पुन्हा मोजले. पुन्हा सातच भरले. "बाळ, नवरंगाला नऊ लागतात. तुझे दोन कमी आहेत. तू सप्तरंग. तो यादीत नाही."

"पण जगात असा आणखी कोण आहे?"

"यादीत नाही म्हणजे जगात नाही. बाजूला हो, तुझ्यामुळे पक्षी बुजेल."

साळूमावशी हे सारं बिळाच्या तोंडाशी उभी राहून ऐकत होती. तिच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले. आपल्या एका वाक्यानं हे घडलं, हे तिला कळलं आणि तिला रडू आलं. तिनं भालेरावांना विनवलं. रानडुकराला हात जोडले. रानडुक्कर म्हणालं, "मावशी, हा परिसर आता निसर्गप्रेमींचा आहे."

तेवढ्यात घरट्यात नवरंगिणीची मान कलली.

साळूमावशी जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. तिनं डोळे मिटले आणि ती सगळी ताकद लावून ओरडली, "पांढरा कावळा! पलीकडच्या टेकडीवर पांढरा कावळा!"

मग बोभाटे भुंकले, "मीही पाहिला!"

झालं. पंचेचाळीस सभासद धुरळा उडवत निघाले. अध्यक्ष सर्वांत पुढे होते, दिशा मात्र चुकीची होती. तरीही सगळे त्यांच्या मागे गेले.

परस रिकामं झालं. नवरंगानं चोचीतून पाणी नेलं, बायकोच्या तोंडात घातलं, आणि तिला बाजूला सारून स्वतः अंड्यांवर बसला. साळूमावशीनं मोडलेल्या फांद्या ओढून आणल्या आणि घरट्यावर सावली केली. मग ती तिथंच बसून राहिली. काटे मात्र तिनं आठ दिवस खाली केले नाहीत. पंधरवड्यानंतर जाळीतून चार बारीक आवाज आले.

मंडळाचा वार्षिक अहवाल पुढं प्रसिद्ध झाला. पांढरा कावळा : पाहणारे पंचेचाळीस. त्यातल्या तिघांना तो जोडीनं दिसला. नवरंग : या जंगलात आढळत नाही.

तात्पर्य : खरं दाखवलं तर लोक रंग मोजत बसतात, खोटं सांगितलं तर धावत सुटतात. म्हणून मुलांनो, नेहमी खरंच बोलावं. घरट्यात अंडी असतील तेवढे दिवस सोडून.