खंडारे काकांच्या मोटारीचे डोळे

आमच्या गल्लीत भर मे महिन्यात कुणाचा कूलर बंद दिसला, तर दोनच शक्यता असतात. एक तर लाइट गेलेली असते, नाहीतर खंडारे काका मोटारीला डोळे बसवत असतात.

वाशीमच्या उन्हाळ्यात माणसं कूलरसमोरून जेवायलासुद्धा उठायला तयार नसतात. काका मात्र कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद करून बनियनवर बसलेले असतात. काडीच्या टोकाला मेणाचा ठिपका, ठिपक्याला चिकटलेली डाळीएवढी काच, आणि नजर समोरच्या वीतभर मोटारीवर. मोटार प्लास्टिकची. खोक्यातून सुटे भाग येतात, ते जोडायचे, रंगवायचे, की हुबेहूब गाडी तयार होते. हेडलाइटच्या काचाही खरं तर प्लास्टिकच्याच, पण काका त्यांना काच म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणतो.

त्या वेळी खोलीत गेलं की काका मान न वळवता म्हणतात, "मॅडम, पदर आवरा. हवा मारून राह्यला." मी तेवढ्या पदरानं काय वारा येणार असं म्हटलं, तर पुढचं वाक्य ठरलेलं: "हवा काय इचारून येते?"

मी त्यांची शेजारीण. शाळेत शिकवते आणि घरी याद्या करते. फ्रिजवर आठवड्याची यादी, कपाटाच्या दाराला आतून महिन्याची. एखादं काम यादीत नसताना होऊन गेलं, तर मी ते आधी लिहिते आणि मग त्यावर काट मारते. त्याशिवाय ते झालं असं मला वाटत नाही. अशा बाईच्या शेजारी असा माणूस देवानं का दिला असावा, हे काकांना विचारण्यात अर्थ नाही. ते देव मानत नाहीत. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, मेडशीची शेती बटईनं कसायला दिली, आणि आता रोज सकाळी बुद्धवंदना झाली की मोटारी.

माझा आणि त्या काचांचा पहिला संबंध काकूंच्या लोणच्यामुळे आला. काकूंनी लोणच्यासाठी परातभर खडेमीठ काढून ठेवलं होतं. काका त्याच खोलीत काच बसवत होते. त्यांना शिंक आली आणि काच उडाली ती नेमकी परातीत. मिठाच्या खड्यांत ती काच शोधणं म्हणजे पावसात थेंब शोधण्यासारखं. मी लगेच पद्धतशीर कामाला लागले. मिठाचे चार वाटे, चार ताटं, प्रत्येक ताट उन्हात तिरपं धरायचं. दुसऱ्या ताटापर्यंत माझे डोळे पाझरायला लागले. काकू तोवर बसून बघत होत्या. मग त्यांनी उठून सगळं मीठ बादलीत ओतलं, वरून पाणी घातलं आणि हलवलं. मीठ विरघळलं, तळाशी काच राहिली.

"झालं तुमचं?" त्या मला म्हणाल्या आणि काकांकडे बोट केलं. "आता मीठ आनाले कोनाले पाठवू, यायले का तुमाले?"

मीच आणलं.

काकूंचा या प्रकरणावर एकूणच राग आहे. "माह्या गयात हार घालाले यायले इतका टाइम नाई लागला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. पण मुळात हे सुरू कसं झालं, तेही मला त्यांनीच सांगितलं. त्यांचा एकुलता एक मुलगा मिलिंद पुण्याला नोकरीला आहे. त्याचा दर रविवारी फोन यायचा. बाप विचारायचा, जेवला का. मुलगा म्हणायचा, जेवलो. मुलगा विचारायचा, पाणी पडलं का. बाप म्हणायचा, पडलं. घे, आईशी बोल. एकदा काकांना मिलिंदच्या कपाटात त्यानं अर्धवट सोडलेली मोटार सापडली. त्यांनी ती जोडायला घेतली, दारं उलटी चिकटवली, आणि विचारायला फोन केला. त्या दिवशी बापलेक इतके बोलले, की काकूंना आपली पाळी येईना. तेव्हापासून मिलिंद खोकी पाठवतो आणि रविवारी मोटार कुठवर आली ते विचारतो.

या खेपेला खोकं पाठवताना मात्र तो म्हणाला होता, की कामाचा व्याप वाढला आहे. ही गाडी झाली की आता काही दिवस थांबू, बाबा.

हे सगळं काकूंनी मला मेथी निवडता निवडता सांगितलं. मी नीट ऐकलं, आणि त्यातून काय निष्कर्ष काढला? की गाडी लवकर पूर्ण करून मुलाला खूश करायला हवं. माझ्यासारखी हुशार बाई अख्ख्या गल्लीत नाही.

कारण गाडी तयारच होती. निळा रंग, चकचकीत बंपर, आत स्टिअरिंगसुद्धा. फक्त दोन डोळ्यांच्या जागी दोन खोबण्या. आठवड्यामागून आठवडे ती तशीच टेबलावर बघत होती, म्हणजे बघत नव्हती. मी काकांना वेळापत्रक करून दिलं: सोमवारी डावा, मंगळवारी उजवा, बुधवारी फोटो. काकांनी ते आदरानं वाचलं आणि म्हणाले, "घाई कायची हाय?" सोमवारी त्यांना हवा दमट वाटली. पुढच्या सोमवारी कोरडी.

शेवटी एका रविवारी सकाळी मी माझी झटपट चिकटवणाऱ्या गोंदाची नळी घेऊनच गेले. माझी चप्पल, नळाची तोटी, शाळेची ट्रॉफी, सगळं तिनंच जोडलेलं आहे. काकांनी नळी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, टेबलावरची आपली गोंदाची बाटली खणात सरकवली आणि खुर्ची सोडून उठले. मी पदर खोचला, श्वास रोखला आणि डावी काच पहिल्या फटक्यात बसवली. दिवसभर मी स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी बघायला गेले तर त्या काचेवर पांढरं धुकं चढलेलं. त्या गोंदाच्या वाफेनं पारदर्शक प्लास्टिक कायमचं आंधळं होतं. तिथं साधा पांढरा गोंद लागतो, हे मला तेव्हा कळलं. मी तोंडातल्या तोंडात माफी मागत होते, तेवढ्यात मिलिंदचा फोन आला.

"अरे, मोठी भानगड झाली," काका म्हणाले, आणि खुर्चीत ऐसपैस बसले. "मॅडमनं गाडीले मोतीबिंदू करून देल्ला."

मग पलीकडून मिलिंदचं हसणं मलाही ऐकू आलं. काच निघेल का, घासून बघू का, असं काका विचारत होते; दुसरी मिळते का ते शोधतो, असं तो म्हणाला. बोलता बोलता विषय काचेवरून घसरला आणि मिलिंदच्या पाठदुखीवर गेला. पाठदुखीवरून त्याच्या नव्या खोलीवर, खोलीवरून तिथल्या पोळ्यांवर. काका "हो ना", "मंग?", "कायले?" करत ऐकत होते. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या, आणि फोन न मागता परत गेल्या.

फोन ठेवल्यावर काकांनी गाडी उजेडाकडे वळवली.

"उजवा डोयाबी तुमीच बसवा, मॅडम."

मी म्हटलं, बसवते, पण या वेळी पांढऱ्या गोंदानं.

"नाई," काका माझ्याकडे न बघता म्हणाले. "तुमचावालाच आना. पुढच्या आइतवारी. फोनच्या आंदी."