टक् न करणारी टेकणी

"मर्लसाठी हवीय का?" नॉर्बर्टने विचारलं आणि आर्डिस जेस्कीच्या कपाळाची शीर ताडताड उडायला लागली.

मर्ल म्हणजे तिचा नवरा. जन्मभर दुधाचा टँकर चालवला आणि आता निवृत्त होऊन दर रविवारी चर्चमध्ये पियानो वाजवतो. स्टुलावर चढून दिवा बदलायचा म्हटलं तरी त्याला घेरी येते. आणि विस्कॉन्सिनमधल्या त्या एवढ्याशा गावातला धनुष्यबाणांचा एकुलता एक दुकानदार, ज्याने आजवर आर्डिसला डझनांनी बाण विकले, तो विचारत होता, मर्लसाठी का म्हणून!

"माझ्यासाठी," आर्डिस म्हणाली. "धनुष्य माझं, बाण माझे, टेकणीही माझीच. मर्लला काही घ्यायचं असेल तेव्हा कोबीचं बी मागेन."

"अगं, चिडतेस काय? सवयीने विचारलं."

"तिचीच तर चीड येते, तुमच्या सवयीची."

नॉर्बर्टने निमूटपणे काचेखालून धनुष्यावर बाण टेकवायच्या दोन टेकण्या काढून ठेवल्या. एक ब्रशची. गोल कडं, आत सगळीकडून राठ केस, मधल्या भोकातून बाण जातो. धनुष्य उलटं धरून झाडावर चढा, बाण पडायचा नाही. पण जाताना बाणाच्या पिसांना ते केस घासतात. दुसरी पडती. दोरी ओढली की तिची दोन बोटं वर येऊन बाण झेलतात आणि बाण सुटला की खाली पडून वाट मोकळी करतात. पिसांना स्पर्शसुद्धा नाही.

त्या गावात माणसं या दोन टेकण्यांवरून जितकी हमरीतुमरीवर येत, तितकी निवडणुकीवरूनही येत नसत. आर्डिसची जुनी ब्रशवाली होती. तिचे खालचे केस झिजून बाण पोक काढल्यासारखा बसायला लागला होता.

"पडती दे," ती म्हणाली.

"टक् करते हं ती," मागून आवाज आला.

मागे तिचा दीर ड्वेन उभा होता. गळासाठी गांडुळं घ्यायला आला होता. नॉर्बर्टच्या फ्रीजमध्ये गांडुळांचे डबे आणि चीजचे डबे शेजारी शेजारी असतात, त्यातला बरोबर डबा त्याने न बघता उचलला. "पडताना टक्. हरणाचा कान म्हणजे काय असतो! बाण पोचायच्या आत ते खाली दबतं, आणि बाण जातो पाठीवरून. म्हणून शहाणी माणसं ब्रश वापरतात. तुझ्या भल्यासाठी सांगतोय, आर्डिस."

"माझ्या भल्याची एवढी काळजी आहे, तर यंदा ओकवरचं मचाण सोड."

"ते काय माझ्या हातात आहे?" ड्वेन गोड हसला. "जिंक आणि घे."

दुखणं तेच होतं. सासऱ्यांनी जाताना जंगलाचा तुकडा दोघा भावांच्या नावे केला आणि वर एक नियम घालून दिला: शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी गोठ्यामागे फोमचं हरीण उभं करायचं, सगळ्यांनी बाण मारायचे, आणि जो जिंकेल त्याने आधी मचाण निवडायचं. मचाणं दोन. एक टेकडीवर ओकच्या झाडात, जिथून अर्धं जंगल दिसतं. दुसरं खाली दलदलीत, जिथे डास सोडून कुणी फिरकत नाही. मर्लच्या वाटणीची शिकार आर्डिस करायची आणि दरवर्षी थोडक्यात हरायची. मग पहाटेच्या अंधारात दलदलीतल्या मचाणावर बसून ती डासांशी मनातल्या मनात भांडायची. गेल्या वर्षी तर अंगठ्याच्या रुंदीएवढ्या फरकाने ओक हुकला होता. झिजलेल्या केसांमुळे!

पडती टेकणी घेऊनच ती घरी आली.

परसात तिने बाण मारला. मर्ल कान देऊन उभा होता. त्याचा कान पियानोवाल्याचा.

"आला," तो ओशाळून म्हणाला. "टक् असा. ड्वेन म्हणतो ते..."

"ड्वेनचं नाव काढू नकोस."

तिने टेकणीच्या बोटांखाली चिकटपट्टी लावली. टक्. मोज्याचा तुकडा लावला. टक्, जरा सर्दी झाल्यासारखं. नॉर्बर्टला फोन केला तर तो म्हणाला, "फेल्ट लाव, दाबलेल्या लोकरीचं. पण फेल्ट संपलंय. हंगाम तोंडावर आला की सगळे तेच नेतात."

"मग मला टेकणी विकताना सांगायला काय झालं होतं?"

"तू विचारलं नाहीस."

आर्डिसने फोन असा ठेवला की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या स्वयंपाकघरातलं काम आटपून आली, तर मर्ल दारातच धनुष्य घेऊन उभा. टेकणीखाली जाड, पांढरं, सुरेख फेल्ट चिकटवलेलं.

"कुठून आणलंस रे?"

"मिळालं," मर्ल म्हणाला. "मार तर आधी."

तिने मारला. आवाज अजिबात आला नाही. पण फेल्ट इतकं जाड की टेकणीची बोटं खाली पडली आणि चेंडूसारखी उसळून परत वर आली. बाणाची पिसं त्यांना आपटली, बाणाने हवेतच विचार बदलला आणि निशाणा सोडून तो अंगणाकडे वळला. तिथे नेमका त्याच क्षणी ड्वेनचा ट्रक येऊन थांबला होता.

फुस्स्स.

ड्वेन खाली उतरला. चाकात रुतलेला बाण त्याने बराच वेळ न्याहाळला.

"आवाज नाही आला खरा," तो म्हणाला. "ब्रशच्या टेकणीने असं होत नाही."

"तू न सांगता येतोसच कशाला?"

"टेकणी कशी आहे ते बघायला!"

मर्लने स्टेपनी चढवून दिली. आर्डिसने कॉफीसुद्धा विचारली नाही. त्या भागात हा अपमान पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. ड्वेन गेल्यावर मर्लने ब्लेडने फेल्टचा अर्धा थर सोलून काढला. आता बोटं पडली ती पडूनच राहिली. आवाज नाही, उसळी नाही. बाण जिथे सांगितला तिथेच. आर्डिसने भर अंगणात नवऱ्याचा मुका घेतला.

मग रविवार उजाडला.

चर्च भरलं होतं. पास्टरबाई म्हणाल्या, शेवटचं कडवं अगदी मन मोकळं करून गाऊ या. लोकांनी छाती भरून सूर लावला, मर्ललाही चेव आला आणि त्याचा डावा हात पियानोच्या पार टोकाला गेला.

खट्!

कुणीतरी लाकडावर काठी हाणावी तसा आवाज. गाणं ठेचकाळलं. सगळ्या माना वळल्या. मागच्या बाकावरून ड्वेन पुढे झुकून कुजबुजला, "आर्डिस, टेकणी चर्चमध्ये घेऊन आलीस?"

आर्डिसने एकदा नवऱ्याच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं आणि ते सुरेख, जाड, पांढरं फेल्ट कुठून मिळालं ते तिच्या लख्ख ध्यानात आलं.

"पियानोच्या तारेवर पडणाऱ्या हातोडीचं?" गाडीत बसताच ती कडाडली. "देवाच्या घरातून चोरलंस?"

"उसनं घेतलं. सगळ्यात खालचा सूर गं. तो कधी लागतच नाही."

"मग आज का लावलास?"

"भरात आलो," मर्ल बारीक आवाजात म्हणाला. "काढून टाकू का? संध्याकाळी परत चिकटवीन."

स्पर्धा दुपारी होती. तिने ओकचा विचार केला, मग देवाचा, मग पुन्हा ओकचा.

"हंगाम संपला की लाव," ती तुसडेपणाने म्हणाली. "तोवर डावा हात आवर."

दुपारी गोठ्यामागे ड्वेनचे बाण नेहमीसारखे पडले, म्हणजे चांगलेच पडले. आर्डिसने धनुष्य उचललं. बाण एकामागून एक गेले आणि फोमच्या हरणाच्या काळजात असे दाटीवाटीने बसले की उपटताना एकाला धरलं तर दुसरा हलत होता. ड्वेनने गुडघे टेकून मापलं. मग पुन्हा मापलं. मग वाऱ्याला दोष दिला. वारा नव्हता.

"ओक," आर्डिस म्हणाली. "आणि दलदलीत जाताना कानात कापूस घाल. डास आत शिरतात."

हंगामाच्या पहिल्या पहाटे ती ओकवर चढली. कमरेला पट्टा बांधून बसली. उजेड हळूहळू फांद्यांतून झिरपत खाली उतरला आणि तिला सगळं जंगल दिसलं. धुकं, ओढा, खाली दलदलीकडे चाललेली ड्वेनची नारिंगी टोपी. इतकी वर्षं हा माणूस एकटा हे बघत बसला होता! तिला नव्याने संताप आला आणि त्या संतापात ती सुखाने बुडून गेली.

तेवढ्यात झुडूप हललं. नर आला. जाडजूड मानेचा, शिंगं अशी की झाडानेच चालायला सुरुवात करावी. तो ओकखाली आला, फळं हुंगली, आडवा उभा राहिला. फोमचं हरीणसुद्धा इतक्या सोयीचं उभं राहत नाही.

आर्डिसने श्वास धरला आणि दोरी ओढली. टेकणीची बोटं वर आली. हूं नाही की चूं नाही. नराचा कान हललासुद्धा नाही. आता फक्त बोट सोडायचं.

तिच्या छातीवरच्या खिशातून फोन खणखणला.

दलदलीच्या त्या खोलगट जागेत आजवर कधी फोन लागला नव्हता. पडलीस तर जवळ असू दे म्हणून मर्ल तो दरवर्षी खिशात कोंबायचा, आणि बंद करायचा असतो हे दोघांच्याही कधी मनात आलं नव्हतं. ही तर टेकडी होती. इथे अख्खं जग लागत होतं.

नराने मान उचलून वर पाहिलं, अगदी तिच्या डोळ्यांत. मग एक शेपूट, दोन उड्या, आणि जंगल पुन्हा रिकामं. आर्डिसने दोरी हळूहळू सैल केली. फोन कानाला लावला.

"आर्डिस? अगं, लागला की!" मर्लला आश्चर्य आवरत नव्हतं. "मी आपला लावून बघितला. केव्हाचा स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालतोय, कॉफी घशाखाली उतरेना. एकच विचारायचं होतं. टेकणीचा आवाज आला का गं?"

आर्डिसने खाली पाहिलं. नर उभा होता तिथलं दबलेलं गवत सावकाश उभं राहत होतं. तिच्या तोंडाशी इतकं काही आलं की एकालाही आधी बाहेर पडता येईना. फोनमधून नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता. रोखून धरलेला, वाट बघणारा.

"नाही, मर्ल," ती शेवटी म्हणाली. "टेकणीचा काही म्हणजे काही आवाज आला नाही."

"बघ!" मर्ल आनंदाने ओरडला. "तरी मी सांगत होतो!"