कमरेचा आलेख

उद्घाटनाला एक तास उरला होता आणि वस्तू क्रमांक सात पुतळ्यावरून उतरून मालकिणीच्या हातात गेली होती.

"शैला, ठेव ते जाकीट खाली," संग्रहालयाचे संचालक श्रीनिवास सर आपल्या बायकोला म्हणाले. "ती वस्तू क्रमांक सात आहे."

"वस्तू क्रमांक सात माझी आहे. आणि तिच्याशेजारच्या पाटीवर लिहिलेली कंबरही माझीच आहे. सव्वीस, एकतीस, छत्तीस! तेही सालासकट! कुणाचं डोकं हे?"

डोकं मृण्मयीचं होतं. वनस्पतीशास्त्रात एम. एस्सी. केलेल्या मृण्मयीला संग्रहालयात तात्पुरती नोकरी लागून सहा महिने झाले होते आणि पहिलंच मोठं काम मिळालं होतं: खुशनुमा आपांच्या पंचेचाळीस वर्षांच्या कामाचं प्रदर्शन. आपा म्हणजे गुलमंडीच्या जुन्या बाजारात दोन मशिनींवर सुरुवात करून साडीवर घालायचं हिमरूचं, म्हणजे इथल्या रेशमी-सुती विणीच्या कापडाचं, जाकीट काढणाऱ्या बाई. शहरात निम्म्या घरांत ते जाकीट होतं. फॅशन डिझायनर हा शब्द आपल्यालाही लागतो, हे आपांना निमंत्रणपत्रिकेवरूनच कळलं.

झाडाच्या खोडातली वर्तुळं मोजलेल्या मुलीनं जाकिटं उलटी करून पाहिली, तर आत तसंच काहीतरी होतं. आपा शिवणीत भरपूर माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडायच्या. गिऱ्हाईक रुंद झालं की टीप उसवून बाहेर सरकवायची. उसवलेल्या जुन्या टिपांच्या खुणा ओळीनं उमटलेल्या. मृण्मयीनं त्या आपांच्या मापाच्या वह्यांशी पडताळल्या आणि तिला शोध लागला. शहाऐंशी, दोन हजार तीन, दोन हजार बारा. दुष्काळाच्या साली नवं कुणी शिवत नाही, जुनंच सैल करून घेतात! मग तिनं एक मोठा आलेख काढला. एक रेघ शहराच्या वाढीची, गुलमंडीपासून थेट शहराबाहेरच्या बीड बायपासपर्यंत. दुसरी रेघ कमरेची. दोन्ही रेघा सारख्याच चढत होत्या. प्रत्येक पुतळ्याशेजारी तिनं पुराव्यासाठी नावासह आकडे लावले. पुराव्याशिवाय विधान करायचं नाही, असं तिला शिकवलं होतं.

उद्घाटनाचा रविवारही तिनं तसाच शास्त्रीय पद्धतीनं निवडला होता. यंदा नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी पाणी यायचं आणि त्या दिवशी बायका ते भरायला घरीच अडकायच्या. ज्या दिवशी एकाही मालकिणीच्या गल्लीत पाणी नसेल, असा तो एकच रविवार होता. त्यामुळे प्रदर्शनाला जाकीट दिलेल्या सव्वीसच्या सव्वीस मालकिणी आल्या होत्या. तासभर आधीच.

"ह्यो आकडा माझा नायच," फुलंब्रीच्या आवडाबाई पाटीवर बोट आपटत म्हणाल्या. त्या दोनदा सरपंच झालेल्या. "अडतीस! माझ्या व्याह्यांना बी पत्रिका दिलीय मी. ते वाचतील हे?"

"आवडाबाई, ते तीन सालचं आहे," मृण्मयीनं समजूत घातली. "आत्ताचं जास्तच असेल."

ही समजूत कुणालाच पटली नाही.

"मला हे जाकीट आजही होतं!" शैलाताईंनी जाहीर केलं आणि त्या कोपऱ्यातल्या पडद्याआड गेल्या. मग आवडाबाई गेल्या. मग रांगच लागली.

"अडवा त्यांना!" सर मृण्मयीला म्हणाले.

"नाही अडवता येत, सर. मालकानं मागितल्याक्षणी वस्तू परत करायची, असं करारात आहे."

"असलं कलम घातलं कुणी?"

"मीच. त्याशिवाय कुणी जाकीट देतच नव्हतं."

साडेचारला हॉलमध्ये सव्वीस उघडे पुतळे उभे होते. मृण्मयीच्या डोळ्यांसमोर आपा होत्या. मंगळवारी त्या कायमच्या मुलाकडे हैदराबादला चालल्या होत्या. मोतीबिंदूनं दोन्ही डोळे धूसर झालेले. प्रदर्शनाला त्या आधी नाहीच म्हणाल्या होत्या आणि मग एकदम म्हणाल्या होत्या, "बेटा, शिवलं की लोकं घेऊन जातात. सगळे एका जागी मी कधी बघितलेच नाय. तेवढं दाखवतीस का?" मृण्मयीनं शब्द दिला होता.

पाच वाजता रिक्षा थांबली. पडद्यामागून सव्वीस बायका बाहेर आल्या. जाकिटं सगळ्यांना झाली होती, फक्त श्वास कुणालाच घेता येत नव्हता. शैलाताईंचा चेहरा जांभळट दिसत होता.

आपा दारात थबकल्या. "हे काय? पुतळे कायको उघडे?"

"आपा, माझी चूक झाली," मृण्मयी म्हणाली.

आपा हळूहळू आत आल्या. समोर नुसते रंग हलत असावेत. त्यांनी पहिल्या खांद्यावर हात ठेवला, शिवणीवरून बोट फिरवलं. "निळ्यावर बदाम. शैला. लग्नानंतरची पहिली दिवाळी होती तवा." दुसरा खांदा. "ह्याचा गळा मी दोनदा बिघडवला होता." तिसरा, चौथा. प्रत्येक खांद्याशी त्या थांबत होत्या. पुतळ्यांपुढे मृण्मयीनं दोरी लावली होती आणि दोरीवर 'हात लावू नये' असं लिहिलं होतं. ती दोरी तिनं हळूच गुंडाळून टेबलाखाली टाकली.

सव्विसाव्या खांद्याशी आपांनी डोळे पुसले. "सगळे आले," त्या म्हणाल्या. मग आवडाबाईंच्या कमरेला हात लागताच त्यांचा आवाज बदलला. "आणि तुम्ही सगळ्या श्वास धरून कायको उभ्या? मरशान ना! आत माया आहे अजून. चार टाके उसवते. बेटा, टेप धर. मला आकडा दिसत नाय, तू वाच."

मृण्मयीनं आवडाबाईंच्या कमरेला टेप लावली. टेप स्वच्छ सांगत होती: बेचाळीस.

"बेचा..." एवढ्यात आपांनी तिला दंडाला चिमटा काढला.

"वहीतले आकडे खरे समजलीस का?" त्या कानाशी कुजबुजल्या. "वहीत मी प्रत्येकीचं दोन इंच कमी लिहायची. बाई वाकून बघते ना! कापड बरोबर कापायचं, झालं."

मृण्मयीनं भिंतीवरच्या आलेखाकडे पाहिलं. पंचेचाळीस वर्षं, तीनशे बारा नोंदी. कमरेची अख्खी रेघ दोन इंच खाली. आणि त्या कमी आकड्यांवरूनच बायका एवढ्या चिडल्या होत्या.

"किती गं?" आवडाबाईंनी श्वास न सोडता विचारलं.

मृण्मयीनं प्रयोगशाळेत कधी दशांशही बदलला नव्हता. तिनं डोळे मिटले. "छत्तीस!"

आवडाबाई खदाखदा हसल्या. "अगं, एवढं बी खोटं नको बोलू, पोरी!" त्या हसण्यासरशी कडेचे दोन हूक तुटून उडाले, शैलाताईंनी सुटकेचा श्वास टाकला आणि त्यांचे तीन उडाले. मग हॉलभर टपटप सुरू झाली. श्रीनिवास सर खाली बसून हूक वेचू लागले.

आपांनी मृण्मयीला जवळ ओढलं. "दोन इंच, बेटा. दोनच. त्याच्या खाली गेलीस की बायांना कळतं."

मृण्मयीनं पेन्सिल उचलली आणि आपांच्या मापाच्या वहीत, आवडाबाईंच्या नावापुढे, सुवाच्य अक्षरात, तारखेसह लिहिलं: चाळीस.