नामदेवरावांचं मुरलेलं पाणी

आमच्या शेजारचे नामदेवराव पाणी पिण्याआधी त्याचं वय विचारतात. आमच्याकडे आले आणि माझ्या बायकोनं तांब्या पुढे केला की प्रश्न ठरलेला, "वहिनी, हे पानी कधीचं हाये?" आजच्या नळाचं म्हटलं की तांब्या परत. "कच्चं हाये. मुरू द्या."

हा माणूस दारव्ह्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर होता. कापसानं सगळ्यांचीच कंबर मोडली त्या वर्षांत जिनिंगला कुलूप लागलं. जाताना शेठजींनी केबिनमधली मासे ठेवायची भली मोठी काचेची पेटी याला देऊन टाकली. दुसऱ्या कोणी ती विकली असती. यांनी घरच्या छोट्या पेटीतले पाच सोनेरी मासे तिच्यात हलवायचं मनावर घेतलं.

मासे हलवायला किती वेळ लागावा? मी म्हणतो, पाच मिनिटं. यांना महिना लागला. नळ यायचा चौथ्या दिवशी. ते पाणी ब्लीचिंगचा वास जाईपर्यंत ड्रमात उघडं ठेवायचं, आणि घरातल्या दोघांनी, म्हणजे हे आणि लेक सुषमा, आंघोळीला शेजारी जायचं. शेजारी म्हणजे आमच्याकडे! मोठ्या पेटीत छोट्या पेटीतलं अर्धं जुनं पाणी, वर रोज दोन तांबे मुरलेलं. माझ्या बायकोनं कीव येऊन त्यांच्या फिल्टरचा शेवाळलेला स्पंज साबणानं लख्ख धुऊन दिला, तर हे कपाळाला हात लावून ओट्यावर बसले. "वहिनी, तो मळ नव्हता. पानी साफ ठेवनारा जीव होता त्याच्यात." झालं, दिवसांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी मासे जुन्या पाण्यासकट पिशवीत घालून पिशवी नव्या पेटीत तरंगत ठेवली, आणि हे समोर स्टूल टाकून बसले.

"नामदेवराव, मासे हायेत का जावई?" मी विचारलं.

"मास्तर, जीवाले पानी एकदम बदलून नाही चालत."

बिनकामाच्या माणसाला असलेच उद्योग सुचतात, असं मी घरी येऊन बोललो. अजून बरंच बोललो.

सुषमा आदल्या वर्षी पुण्याला नोकरीला गेली होती आणि आठ दिवसांत पोट धरून परत आली होती. तिकडचं पाणी मानवलं नाही. आता दुसरी नोकरी मिळाली. घरात मिळवणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. या खेपेला टिकली नाही तर पुढे अंधारच होता. एसटी स्टँडवर पोचवायला गेलो, तर नामदेवरावांच्या हातात पाण्यानं भरलेला दहा लिटरचा कॅन.

"पुन्यात पानी नाही भेटत काय?" मी चारचौघांत विचारलं.

त्यांनी ऐकलंच नाही. लेकीला सांगत होते, "पयले चार दिवस अर्धं हे, अर्धं तिकडचं. मंग पाव. घाई नको करू, माय."

मला वाटलं, पोरगी शरमेनं कॅन इथेच ठेवून जाईल. तिनं गाडीत बसून तो मांडीवर घेतला. गाडी सुटल्यावर मला माझीच लाज वाटली.

दहाव्या दिवशी आमच्या घरी तिचा फोन आला. हाक मारताच नामदेवराव ओल्या हातांनी धावत आले. पलीकडचा आवाज मलाही ऐकू येत होता. "बाबा, कॅन कालच संपला. आता इकडचंच पिऊन राह्यली. बरी आहो मी."

"बरं झालं," एवढंच म्हणून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि खुर्चीत बसून राहिले. पोरगी टिकली होती. म्हणजे आता ती परत येणार नव्हती.

बायकोनं तांब्या पुढे केला. नामदेवरावांनी काही न विचारता तो तोंडाला लावला.

मला ते बघवेना.

"परवाचं हाये, नामदेवराव," मी म्हणालो.